चिठ्ठीवरचं राहिलेलं वाक्य

जुनं शाळाघर, सोल्ली
१४ ऑक्टोबर १९९८

प्रिय सुनिवा,

अनेक आशीर्वाद. तू बरी असशील आणि बर्गनला नेहमीसारखा पाऊस असेल, असं धरून चालतो. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे आणि ते बऱ्याच अंशी खरंही आहे. गुडघा सोडला तर माझी कशाबद्दल तक्रार नाही. बटाटे काढून झाले. लाकडं फोडून दक्षिणेच्या भिंतीला रचली होती, ती हाल्वरने येऊन पाहिली. आपला शेजारी हाल्वर सुतार, तू त्याला विसरली नसशील. एकोणऐंशीचा झाला, पण माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान असल्याचा तोरा अजून मिरवतो. म्हणाला, "मास्तर, तुमची रास तुमच्या कवितांसारखी आहे. दिसायला सुबक, पण टेकलं की कोसळेल." मग दुपारभर खपून त्याने ती पुन्हा रचली.

पत्राचं कारण तसं कचेरीचं आहे. ओस्लोच्या शब्दकोश कचेरीतून मारित नावाच्या बाईंचं पत्र आलं. त्या आमच्या खंडाच्या संपादक आहेत. मी पस्तीस वर्षं कोशासाठी आपल्या खोऱ्यातले शब्द गोळा केले हे तुला माहीत आहे. तुझं बालपण त्या चिठ्ठ्यांच्या खोक्यांमधूनच वाट काढत गेलं. एका चिठ्ठीवर एक शब्द. खाली अर्थ, उगम, कोणी सांगितला, कोणत्या दिवशी. आणि तळाशी त्या माणसाच्या तोंडचं एक वाक्य, जसंच्या तसं. वाक्याशिवाय चिठ्ठी अपुरी.

माझा विषय बोलण्याचे सूर. माणूस काय बोलला ते नाही, कसा बोलला ते सांगणारे शब्द. आपल्या खोऱ्यात त्यांची काय श्रीमंती होती. 'दारातला आवाज' घे. शेजाऱ्याकडे काही मागायला गेलेला माणूस उंबऱ्याच्या आत येत नसे, कडीवर हात ठेवूनच बोले, त्यावरून तो आला. गवत कापताना विळ्याला दगड लागतो, त्यावरून 'दगड लागलेला आवाज'. आणि 'हाळीचा गोडवा' मला सगळ्यांत आवडे. उन्हाळ्यात डोंगरावरच्या गोठ्यांतून मुली गुरांना साद घालत, त्यावरून. गाय आत आली की हा गोडवा बंद होतो. हा शब्द लोक बहुधा मतं मागायला येणाऱ्यांबद्दल वापरत.

तर मारितबाई लिहितात की माझ्या एका चिठ्ठीवर शब्द आहे, अर्थ आहे, उगम आहे, तारीख आहे, सांगणाराचं नावही आहे. वाक्य नाही. दुसऱ्या कोणी हा शब्द पाठवलेला नाही. नोव्हेंबरअखेर खंड छापायला जाईल, तोवर वाक्य मिळालं नाही तर शब्द वगळावा लागेल.

सांगणाराच्या जागी तुझं नाव आहे.

तेवढं वाक्य तू मला पाठवशील का? कार्डावर लिहिलंस तरी चालेल. नाताळच्या कार्डावर तू लिहितेस तेवढंच. एक ओळ.

तुझा,
बाबा

१९ ऑक्टोबर

वरचं पत्र पाकिटात घालून चिकटवलं होतं. पाच दिवस ते कॉफीच्या डब्याला टेकून उभं होतं. आज वाफेवर धरून उघडलं. त्यात काही खोटं नाही. पण मी शाळेत चाळीस वर्षं निबंध तपासले आहेत, आणि मुलाने कुठे विषय टाळला ते मला पहिल्या परिच्छेदात कळत असे.

शब्द कोणता ते मी लिहिलंच नाही. 'खपलीचा आवाज.'

मार्चमध्ये दुपारी बर्फ वरवर वितळतं, रात्री पुन्हा गोठतं आणि त्यावर खपली धरते. सकाळी तिच्यावरून चालत जाता येतं. दुपारी त्याच वाटेने परतताना कोणतं पाऊल आत जाईल सांगता येत नाही. चिठ्ठीवर मी अर्थ दिला आहे: 'वरून घट्ट, खाली पोकळ, ऐकणारा जपून पाऊल टाकतो असा आवाज.' चांगला अर्थ आहे. आजही मी त्यात एक शब्द बदलणार नाही.

तारीख ११ मार्च १९७५. माझ्याच अक्षरात. त्या दिवशी दुपारी आपण आईला पुरून घरी आलो होतो.

लोकांना मी सांगत आलो की तुला चारची बस गाठायची होती. एवढ्या वेळा सांगितलं की बस मला दिसतेसुद्धा. तू पायऱ्या उतरतेस, तुझ्या हातात आईची हिरवी पिशवी आहे. त्यानंतर तेवीस वर्षं कार्डं आली. तुझा आवाज आला नाही.

बसच्या आधीचं मला असं आठवतं. पुढच्या खोलीत टेबलं जोडली होती. बटाट्याच्या लेफ्से-पोळ्या होत्या, उकडलेलं मटण होतं, बायका कॉफी ओतत होत्या. मी उभा राहून शाळेच्या वाचनमालेतली ती बर्चच्या झाडाची कविता म्हटली. बायका रडल्या. पुष्कळजण म्हणाले, मास्तरांचा आवाज म्हणजे काय. मग तू माझ्यासमोर आलीस आणि काहीतरी बोललीस, आणि त्यात तो शब्द होता. मी तो पूर्वी कधीच ऐकला नव्हता. आपल्या घरात, माझ्याच मुलीच्या तोंडी, कोणत्याच यादीत नसलेला शब्द. सुनिवा, मला आनंद झाला. हे लिहिताना मला माझंच कळत नाही, पण झाला. एखादा फुलपाखरं गोळा करणारा माणूस असतो ना, तसं माझं झालं.

आणि मला वाक्य आठवत नाही. तुझे ओठ आठवतात. शब्द आठवतो, त्यातला लांबवलेला स्वरसुद्धा. पण खपलीचा आवाज कोणाचा म्हणालीस? माझा? आईचा? की स्वतःचा? तू आरोप करत होतीस की काही विचारत होतीस? मी वाक्य सोडून शब्द धरला, आणि वाक्य वाहून गेलं.

२३ ऑक्टोबर

मारितबाईंनी पडताळणीसाठी आणखी एक जाडजूड पाकीट पाठवलं आहे. आईने सांगितलेल्या सगळ्या चिठ्ठ्यांच्या प्रती. साठ भरल्या. मूळ चिठ्ठ्या मी जशा मिळतील तशा पाठवत गेलो, वर्षाला दोन-तीन. एका ओळीत कधी पाहिल्या नव्हत्या. आता स्वयंपाकघराच्या टेबलावर मांडून ठेवल्या आहेत, त्यामुळे मी खिडकीत उभा राहून जेवतो.

तुला आठवतं ना, आई भांडी घासताना बोलायची आणि मी तिकडे टेबलाशी पेन्सिल घेऊन बसलेला असायचो. मी म्हणायचो, "हा शब्द वाक्यात वापर बघू." ती पाठमोरीच वापरायची.

'दगड लागलेला आवाज.' वाक्य: "आज तो सकाळी दगडावर विळा घालूनच उठलाय."

'ओल्या लाकडाचा आवाज', जो पेटत नाही, नुसता धुमसतो. वाक्य: "पोरीच्या हातून थोडं दूध सांडलं तर त्याने दिवसभर ओलं लाकूड व्हायचं का?"

'दारातला आवाज.' वाक्य: "त्याच्याशी बोलताना मी माझ्याच घरात दारातलं बोलते." या चिठ्ठीच्या कडेला मी बारीक अक्षरात लिहिलं आहे: 'सुंदर उदाहरण. वापर चपखल.'

साठांपैकी बावन्न वाक्यांत 'तो' आहे.

मी प्रामाणिकपणे सांगतो, दोन दिवस मी विचार करत होतो की हा 'तो' कोण असावा. तिचे वडील कडक होते म्हणे. जुने पाद्रीबुवा तर होतेच. चिठ्ठीच्या मागे मी तेही लिहून ठेवलं: 'बहुधा पाद्री?' मग वाटलं, हाल्वरला विचारावं. तो आपल्या घरी रोज येणारा माणूस.

तो त्याच्या छपरीत घसरगाडीच्या पट्टीवर रंधा मारत होता.

"हाल्वर," मी विचारलं, "आमची आस्लाउग भांडी घासताना 'तो, तो' म्हणायची, तो कोण रे?"

"कुठला तो?"

"माझ्या चिठ्ठ्यांमधला. मला वाटतं, पाद्रीबुवा असणार."

त्याने रंधा खाली ठेवला. "मास्तर, कॉफी घ्या."

"मी कॉफीला आलो नाही."

"दिसतंय ते. म्हणूनच म्हणतो, घ्या."

मी त्याला दुधाचं वाक्य वाचून दाखवलं. त्याने ऐकून घेतलं, टोपी काढली, पुन्हा घातली. म्हणाला, "पाद्रीबुवा तुमच्या स्वयंपाकघरात कधी आले होते? ते तर पुढच्या खोलीच्या आत पाय टाकत नसत."

"पण मी काही ओरडणारा माणूस नव्हतो."

"नव्हतातच. ओरडणाऱ्याची सवय होऊन जाते."

"मग कसा होतो?"

"मला काय विचारता? साठ चिठ्ठ्या तुमच्या हातच्या आहेत." मग जरा मवाळ होऊन म्हणाला, "अहो, अख्खी शाळा तुमचा आवाज काढायची. आमचा धाकटा जेवताना काढायचा. मी त्याला दटावायचो आणि बशीत तोंड घालून हसायचो."

"काढ बघू."

"काय?"

"माझा आवाज. काढून दाखव."

"सोडा हो, म्हातारपणी कसली सोंगं."

मी हललो नाही तेव्हा त्याने हात पुसले, पाठ ताठ केली, माझ्या डोक्याच्या थोडं वर भिंतीकडे पाहिलं आणि आवाज न चढवता म्हणाला, "आत यायचं असेल तर ये. नसेल तर बाहेर राहा. मध्ये उभी राहू नकोस."

एवढंच. मला त्यात काहीच गैर वाटलं नाही. ओळखीचंही वाटलं नाही.

"हे पाद्रीबुवाच," मी म्हणालो. "हुबेहूब."

तेवढ्यात घरातून त्याची बायको बोर्गहिल्ड हाक मारून म्हणाली, "मास्तर आलेत वाटतं? 'मध्ये उभी राहू नकोस' ऐकू आलं. तिसरा कप काढते हं."

हाल्वर रंध्यातली साल काढत बसला. ती त्याला बराच वेळ निघत नव्हती.

कॉफी घेतली. बोर्गहिल्डने तपकिरी चीज कापून दिलं, तिच्या सुनेबद्दल सांगितलं, मी हो हो म्हणालो. प्रत्येक 'हो'नंतर मी थांबून ऐकत होतो की तो कसा आला. काही कळलं नाही. स्वतःचा आवाज माणसाला आतूनच ऐकू येतो, आणि आतून माझा आवाज नेहमी, कसं सांगू, कवितेसारखा ऐकू येतो.

निघताना मी मूळ कामाचं विचारलं. त्या दिवशी हाल्वर शेगडीपाशी उभा होता, माझ्यापासून चार पावलांवर.

"सुनिवा काय बोलली, तू ऐकलंस?"

"अख्ख्या खोलीने ऐकलं."

"काय म्हणाली?"

"ते तिचं आहे, मास्तर. मी कसं देऊ?"

"कोशासाठी हवंय."

"तेच तर." तो मला फाटकापर्यंत सोडायला आला. फाटकाची कडी धरून म्हणाला, "तुम्ही काय म्हणालात ते सांगतो. ते तुमचं आहे, तेव्हा द्यायला हरकत नाही."

"मी काही म्हणालोच नाही."

"म्हणालात. कोटाच्या खिशातून चिठ्ठी काढलीत, पेन्सिल काढलीत, आणि म्हणालात, 'पुन्हा म्हण. सावकाश.'"

२६ ऑक्टोबर

तीन दिवस लिहिलं नाही. वर लिहिलेलं फाडावंसं वाटलं, पण फाडलं नाही.

मी म्हणालो असेन. मला आठवत नाही, पण मी तसंच म्हणत असे. दूधवाल्याला म्हणत असे, जत्रेत भांडणाऱ्या दोघांना एकदा म्हणालो होतो आणि त्यांचं भांडण थांबलं होतं. ती गोष्ट मी कितीजणांना हसत सांगितली आहे. तू मात्र पुन्हा म्हटलं नाहीस. म्हणून चिठ्ठीवर वाक्य नाही.

आता साठ चिठ्ठ्यांकडे पाहताना सारखं एकच मनात येतं. आईने साठ शब्द दिले, पण हा दिला नाही. खपलीचा आवाज तिच्या माहेरच्या बाजूचा शब्द असणार, मी विचारला असता तर मिळाला असता. तो तिने माझ्यापासून राखून ठेवला आणि तुला दिला. तुम्ही दोघी तो कधी वापरत होतात? मी शाळेतून येताना दिसलो की? "आज कसा आहे?" "आज खपली आहे, जपून." असं? की मी उगाच रचतो आहे? मला आजवर शब्दाचा उगम सांगता आला नाही असं क्वचित झालं, पण हा कुठून आला ते माहीत असूनही तो घरात कुठे राहत होता ते मला माहीत नाही.

एका गोष्टीचा मला फार अभिमान होता. तू लहानपणी संध्याकाळी वाचनमाला घेऊन माझ्यापाशी यायचीस. चार-पाच वर्षांची होतीस, अक्षरओळख नव्हती, पण पुस्तक उलटं असलं तरी दोन्ही हातांनी पुढे धरायचीस. "बाबा, कविता." मी सगळ्यांना सांगायचो, हिला कवितेचं वेड आहे, माझ्यावर गेली. मी नदीची म्हणायचो, मग मेंढराची, मग बर्चची. तू ऐकत बसायचीस आणि आई दारात येऊन उभी राहायची.

साठाव्या चिठ्ठीवर 'निवळ' हा शब्द आहे. वसंतात बर्फ वितळून ओढा गढूळ होतो आणि आठवड्याने स्वच्छ होतो, त्यावरून. अर्थ: 'राग उतरून साफ झालेला आवाज.' वाक्य: "पोर पुस्तक घेऊन गेली की त्याचा आवाज निवळतो."

म्हणजे तू कवितेसाठी येत नव्हतीस?

की आधी त्यासाठी येत होतीस आणि मग कविताही आवडायला लागली? मला हे दुसरं धरून राहावंसं वाटतं, पण धरण्याचा मला हक्क आहे की नाही ते कळत नाही. मी चौऱ्याऐंशी वर्षांचा आहे, माझ्याकडे पाचशेच्या वर सूर अर्थासकट आहेत, आणि माझा स्वतःचा कोणता ते मला दुसऱ्याला विचारून घ्यावं लागतं आहे. हाल्वरने सांगितलं, तेही मी पाद्रीबुवांच्या नावावर घातलं.

या पत्रातही मी कसा बोलतो आहे ते तुलाच ठाऊक. मला तरी निवळ ऐकू येतं. पण मला नेहमीच तसं ऐकू येत असे.

२८ ऑक्टोबर

आज मारितबाईंना उत्तर लिहिलं आणि पोस्टातही टाकलं, म्हणजे पाच दिवस कॉफीच्या डब्याला टेकून राहायला नको. नक्कल देतो: 'खपलीचा आवाज ही चिठ्ठी कृपया वगळावी. वाक्य बोललं गेलं होतं. गोळा करणाराने ते ऐकलं नाही.'

शब्द आता कोशात येणार नाही. पस्तीस वर्षांत मी स्वतःहून काढून घेतलेला तो एकमेव. पोस्टातून येताना थोडं हलकं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. गुडघा दुखला. उतारावर पहिलं पातळ बर्फ धरलं आहे, मी कडेने चालत आलो.

तेव्हा आता कोशाचं काम नाही. कार्डावर ओळ पाठवायची गरज नाही. तरी ते वाक्य मला हवं आहे. ते माझ्याबद्दल असेल तर हवं आहे, आईबद्दल असेल तर जास्त हवं आहे, आणि तुझ्याबद्दल असेल तर सगळ्यांत जास्त. एवढ्या वर्षांत तुलाही ते आठवत नसेल तर तसं सांग, ते ऐकायलाही मी बसेन. हे मागणं कोणत्या तोंडाने करतो आहे, असं तू विचारशील. तेही फोनवरच विचार.

फोनचा नंबर तोच आहे. सकाळी अकराला मी कॉफीसाठी घरातच असतो. तू बोललीस तर मी मध्ये बोलणार नाही. 'पुन्हा म्हण' म्हणणार नाही. कान थोडा मंद झाला आहे; एखादा शब्द सुटला तर सुटू देईन.

फोनशेजारच्या खिळ्याला पेन्सिल दोरीने बांधलेली असे, तुला आठवत असेल. तुझ्या उंचीला ती लागायची. दोरी आज कापली. खिळा भिंतीत खोल आहे, तो काही निघाला नाही.

तुझा,
चिठ्ठ्यांमधला 'तो'